कंडक्टरचा चेहरा

वाशिंदला स्टेशनच्या पलीकडे नव्या इमारती झाल्या, त्यातल्या एकीत भगीरथ आणि रंजिता राहत होते. भगीरथ जवळच्याच एका कारखान्यात क्वालिटीला होता. तयार मालातले दोष हुडकायचं त्याचं काम. घरी आला की चहा घेऊन तो गॅलरीतल्या टेबलाशी बसायचा आणि आपल्या बाहुल्या पुढ्यात घ्यायचा. ‘बाहुल्या’ हा रंजिताचा शब्द. तो म्हणायचा ‘फिगर’, आणि कुणी खेळणी म्हटलं तर त्याला राग यायचा.

कल्याणला जुन्या खेळण्यांचा ढीग लावून बसणारे लोक असतात. तिथून तो हाताएवढे प्लॅस्टिकचे पुतळे वेचून आणायचा. कुणी सैनिक, कुणी राक्षस, कुणी नुसताच फुगलेल्या दंडांचा माणूस. सगळ्यांचे हातपाय सांध्यांत हलणारे. ते गरम पाण्यात टाकायचे, मऊ झाले की हातपाय उपटायचे, सांधे पॉलिशपेपरनं घासायचे, जुना रंग काढायचा आणि मग नवा अवतार द्यायचा. नळाला लावतात त्या दोन रंगांच्या पुट्टीतून तो चिलखतं घडवायचा, केस घडवायचा. फोटो काढून मोबाइलवर टाकायचा. हा नाद असलेली माणसं शहापूरपासून ठाण्यापर्यंत बरीच निघाली. त्यांच्या ग्रुपवर सगळे त्याला ‘दादा’ म्हणत. कारखान्यात त्याला कुणी दादा म्हणत नव्हतं.

त्याला एकच गोष्ट जमत नसे, चेहरे. चिलखतावरचा गंज असा रंगवायचा की बघणाऱ्यानं हात पुसावा. पण डोळे काढायला घेतले की बुबुळं वेगवेगळ्या दिशांना जायची. म्हणून त्याच्या बहुतेक योद्ध्यांच्या तोंडावर मुखवटा असायचा.

रंजिता स्टेशनजवळच्या ब्यूटी पार्लरमध्ये कामाला होती. एका संध्याकाळी चहाचा कप ठेवायला ती गॅलरीत आली, तर तो एका बाईयोद्ध्याचा डोळा पुसून पुसून परत काढत होता.

“हिच्या भुवया कोणी केल्यात? घाबरल्यासारखी दिसतेय,” ती म्हणाली.

“तू करून बघ मग,” तो वैतागून म्हणाला.

तिनं पर्समधून नखांवर नक्षी काढायचा केसाएवढा ब्रश काढला आणि उभ्याउभ्याच भुवया काढल्या. मग बसली. डोळ्याच्या वरच्या कडेला पातळ काळी रेघ दिली, बुबुळ अर्धं पापणीखाली दडवलं, आणि शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका ठेवला. ती बाई त्या दोघांकडे बघायला लागली.

“हां,” भगीरथ म्हणाला. “बरं झालंय.”

त्या फिगरला ग्रुपवर कधी नव्हे एवढी वाहवा मिळाली. चिलखताबद्दल कुणी बोलेना. जो तो डोळ्यांबद्दल. ‘दादा, डोळे जिवंत!’ ‘दादा, हे डोळे कसे काढले, व्हिडिओ टाका ना.’ भगीरथनं सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ग्रुपवर रंजिताही होती. तिनं ते आपल्या मोबाइलवर वाचलं. तिचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

मग तसंच चालू राहिलं. शरीर त्याचं, चेहरा तिचा. मुखवटे गेले. पण कौतुकाचा प्रत्येक शब्द वाचताना भगीरथला काहीतरी टोचायचं. एका रविवारी ती माहेरी गेलेली असताना त्यानं दार लावून घेतलं आणि तिच्याच ब्रशनं एक चेहरा काढायचा प्रयत्न केला. दुपारपर्यंत पुसत राहिला. शेवटी त्या फिगरला त्यानं मुखवटा बसवला आणि ब्रश धुऊन टेबलावर होता तसा ठेवला.

उन्हाळ्यात रंजिता एकदा म्हणाली, “तो पोट सुटलेला आहे ना खोक्यात, गुंडासारखा, तो मला देता?”

“कशाला?”

“मला एक करायचंय. माझं माझं.”

त्याला हसू आलं. कुणालाच नको असलेली फिगर होती ती. “घे की,” तो म्हणाला. सांधे कसे घासायचे, पुट्टीला पाण्याचं बोट कसं लावायचं, रंगाचे थर पातळ का द्यायचे, सगळं त्यानं तिला हौसेनं दाखवलं. शिकवताना त्याला फार बरं वाटत होतं. ती मान हलवून ऐकायची, चुकायची, परत विचारायची. पुट्टीत पहिल्यांदा तिनं बनवलेला हात वांग्यासारखा झाला तेव्हा दोघं पोट धरून हसली होती.

मग हळूहळू ती विचारेनाशी झाली.

पार्लरमधून आली की भाजी टाकून ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. गुंडाच्या अंगावर खाकी सदरा चढला. जुन्या पर्सच्या चामड्याची पिशवी खांद्यावर आली. गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचा बिल्ला छातीवर लागला. हातात छोटी तिकिटांची पेटी, तिच्यात रंगीत कागदांच्या चिंध्या, दुसऱ्या हातात तिकीट टोचायचा चिमटा. आणि एक दिवस चेहरा झाला.

तिचे वडील पंढरी एसटीत कंडक्टर होते. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या गाड्यांवर त्यांची सारी नोकरी गेली. आता निवृत्त होऊन टोकावड्याला घरी असतात, गुडघे धरलेत. भगीरथनं त्यांना पाहिलं ते पांढऱ्या केसांचे, थकलेले. टेबलावर उभा होता तो काळ्या मिशीचा, गाडीत चढणाऱ्या माणसाकडे मान वर करून बघणारा, ‘सुट्टे काढा’ म्हणायच्या बेतात असलेला माणूस. ओठांच्या एका कोपऱ्यात हसू होतं. कपाळावर घामाची चकाकीसुद्धा होती.

“मी लहान असताना असे दिसायचे,” रंजिता म्हणाली. “शाळेला जाताना मी त्यांच्याच गाडीत असायचे. मला बघून असे हसायचे, पण तिकीट मागायचे. सगळ्यांसमोर.”

भगीरथनं फिगर हातात घेऊन फिरवली. त्याची कामाची सवय, दोष शोधला. गुडघ्याच्या सांध्यात थोडा रंग दाटला होता. बाकी काही सापडलं नाही. इतक्या वर्षांत त्यानं जे जे केलं, ते सगळं शेल्फवर मागे ओळीनं उभं होतं, तलवारी उगारून. त्यातलं एकही या सुटलेल्या पोटाच्या माणसाशेजारी उभं राहिलं नसतं. ते त्याला लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच तो म्हणाला, “गुडघ्यात रंग जमलाय बघ.”

“हो का? बघते,” ती म्हणाली.

शहापूरला ग्रुपच्या लोकांनी एक हॉल घेऊन प्रदर्शन आणि स्पर्धा ठरवली. दिवस पावसाचे होते, पण सगळ्यांना जमेल असा तोच रविवार निघाला. ग्रुपचा सगळा कारभार भाविक बघायचा. शहापूरचाच, मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला तरुण माणूस. रंजितानं त्याला कंडक्टरचा फोटो पाठवला. त्याचा फोन भगीरथला आला.

“दादा, वहिनींनी काय केलंय हे! मी आईला दाखवला, ती म्हणते हा माणूस मला गाडीत भेटलाय. हा मध्ये ठेवू या आपण, हॉलच्या बरोब्बर मध्ये. चालेल ना?”

“चालेल की,” भगीरथ म्हणाला. “माझा तो गंजलेला योद्धा आहे, तो कुठे?”

“तो पण ठेवू ना, दादा. कडेला जागा आहे भरपूर.”

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. ‘कडेला’ हा शब्द तो मनाशी परत परत म्हणत राहिला. भाविकला चिलखत घडवायला आपण शिकवलं. रंजिताला ब्रश सोडून सगळं आपण शिकवलं. आणि कडेला.

शनिवारी सकाळपासून पावसाची झड होती. भिंती ओल्या, कपडे वाळत नव्हते, मीठ पाझरत होतं. रंजितानं पार्लरला सुट्टी घेतली होती. कंडक्टरला शेवटचा हात फिरवून ती म्हणाली, “आता हे हाताळलं तर रंग निघेल का हो? तिकडे लोक हातात घेणार.”

टेबलाखाली वॉर्निशचा स्प्रे होता. तो मारला की रंग पक्का होतो. पण हवेत ओल असताना मारला, तर सुकता सुकता त्यात पाणी धरतं आणि सगळं पांढरं पडतं. भगीरथचे सुरुवातीचे दोन सैनिक असेच गेले होते. पावसाळ्यात तो डबा त्यानं स्वतः कधी उघडला नव्हता.

त्यानं तोंड उघडलं तेव्हा ‘राहू दे’ म्हणायचं होतं. निदान नंतर त्याला तसं वाटायचं.

“स्प्रे मार की,” तो म्हणाला. “एक हात मार सगळीकडून. पक्का होईल.”

“काही होणार तर नाय ना?”

“काय व्हायचंय?”

तिनं गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, कंडक्टरला उभा केला, डबा हलवला आणि मनापासून, चारी बाजूंनी स्प्रे मारला. भगीरथ आत जाऊन टीव्ही लावून बसला. आवाज वाढवला. बराच वेळ झाला तरी तिची हाक आली नाही, म्हणून त्याला उठून जावं लागलं.

कंडक्टर पांढरा पडला होता. पिठाच्या गिरणीतून बाहेर यावा तसा. मिशी पांढरी, खाकी पांढरी, डोळे मोतीबिंदू झाल्यासारखे. रंजिता खाली बसून बघत होती. तिनं बोट लावलं नव्हतं.

“असं कसं झालं?” तिनं विचारलं.

“पावसाची हवा,” तो म्हणाला. “होतं कधीकधी.”

ती रडली नाही. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं कंडक्टरला जुन्या ओढणीत गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं.

“उद्या तुमी जाऊन या,” ती म्हणाली.

रविवारी शहापूरच्या हॉलमध्ये मधलं टेबल रिकामं राहिलं होतं. भाविकनं शेवटी तिथे भगीरथचा योद्धा ठेवला. लोक आले, फोटो काढले, गंज बघून माना हलवल्या. परीक्षक म्हणून आलेल्या एका बाईंनी पहिलं बक्षीस योद्ध्याला दिलं. टाळ्या वाजल्या. भगीरथ हसला. आपण ज्यासाठी हे केलं ते मिळालं, आता बरं वाटेल, म्हणून तो वाट बघत राहिला. वाटलं नाही.

“वहिनी का नाही आल्या?” भाविकनं मध्येच विचारलं.

“तिची फिगर खराब झाली. वॉर्निशनं पांढरी पडली.”

“या हवेत स्प्रे मारला?” भाविकनं कपाळावर हात मारला. “अरे देवा. वहिनींना माहीत नसणार. मी फोन करतो त्यांना, थोडं तेल लावून, ड्रायर मारून कधीकधी जातं ते.”

“राहू दे, मी सांगतो,” भगीरथ घाईनं म्हणाला. पण कुणाला मदत करायची असली की भाविक थांबणारा नव्हता. मोबाइल कानाला लावून तो पायऱ्यांवर गेलासुद्धा.

भगीरथ चषक घेऊन घरी आला तेव्हा रंजिता टेबलाशी बसली होती. समोर कंडक्टर, तेलाची वाटी आणि पार्लरमधून आणलेला ड्रायर. खाकी बरीचशी परत आली होती. चेहरा मात्र गेला होता. तेल लावताना एका डोळ्याचा रंग निघून आला होता, म्हणून तिनं सगळाच पुसून टाकला होता. मानेवर नुसतं गुळगुळीत प्लॅस्टिक.

“भाविकभाऊंचा फोन आला होता,” ती म्हणाली. “ते म्हणाले, पावसात स्प्रे मारायचा नाय हे दादांनीच आमाला शिकवलं.”

चषक कुठे ठेवावा ते भगीरथला कळेना. हातातच धरून उभा राहिला.

“माझ्या ध्यानात नाय राहिलं,” तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पार्लरमध्ये गिऱ्हाइकाचा चेहरा बघते तसं. कुठे काय आहे ते नीट कळल्यासारखं.

“बरं,” ती म्हणाली आणि ड्रायरची वायर गुंडाळायला लागली.

पुढचे दिवस ती त्याच्याशी नेहमीसारखंच बोलली. डबा देई, उशीर होणार का विचारी. फक्त बाहुल्यांबद्दल काही बोलेना, आणि त्यानं एक फिगर चेहऱ्यासाठी तिच्यापुढे सरकवली तेव्हा ती म्हणाली, “मला आता वेळ नाय.” कंडक्टरचा चेहरा ती परत काढत होती. काढायची, बघायची, पुसायची. मोबाइलमधला त्या फिगरचा जुना फोटो समोर ठेवूनही तो काळ्या मिशीचा माणूस पुन्हा आला नाही. शेवटी तिनं फोटो बंद केला आणि वडील आता दिसतात तसे काढले. मिशी पांढरी, गाल बसलेले, डोळ्यांखाली सुरकुत्या. चांगलाच होता तोही. पण सुट्टे मागणारा तो नव्हता. हे तिला माहीत होतं, आणि भगीरथलाही.

पाऊस उघडल्यावर ती दोघं टोकावड्याला गेली. पंढरी ओट्यावर पाय लांब करून बसले होते. लेकीनं ओढणी सोडून कंडक्टर त्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं चष्मा वर सरकवला, खाली घेतला. पिशवीचं झाकण उघडून पाहिलं. चिमट्यावरून अंगठा फिरवला.

“आयला,” ते म्हणाले. “पेटी पण हाय. अंबूबाय, बघ गो इकडं, मना नोकरीवर परत घेतला!”

शेजारच्या अंबूबाई सूप हातात घेऊन आल्या. बघून म्हणाल्या, “पोट बराबर केलाय.”

सगळे हसले. पंढरींनी मग जावयाकडे पाहिलं. “हे तुमचं शिक्षण, भगीरथराव. पोर सांगत होती फोनवर, सगळं तुमी शिकवलं म्हणून. नायतर कोण बायकोला आपला हुन्नर देतो? आमच्यात ड्रायव्हर लोक एकमेकाला पाना देत नसत.”

अंबूबाईंनीही मान डोलावली. भगीरथला बसवेना. पाणी पितो म्हणून तो मागच्या दारी गेला आणि मोरीच्या दगडावर उभा राहिला. थोड्या वेळानं काठी टेकत पंढरी मागे आले.

“काय झाला? तब्येत बरी नाय?”

“मामा,” भगीरथ म्हणाला, “ती फिगर आधी लय चांगली होती. तुमी तरुणपणीचे होता तिच्यात. मी घालवली. ठाऊक असून तिला स्प्रे मारायला सांगितला.”

“कशापायी?”

“बघवलं नाय.”

पंढरी काठीच्या टोकानं मोरीतलं एक पान बाजूला करत राहिले. “मंग हे मना कशाला सांगता?” ते म्हणाले. “माझं काय, मी म्हातारा झालेलाच हाय. तिला सांगितलंत?”

“तिला कळलंय.”

“कळलंय ते तिचं. तुमी सांगितलंत का?”

म्हातारा आत गेला. जाताना त्यानं मागे वळून, कोरड्या आवाजात सांगितलं, “जेवून निघा. मुरबाडची गाडी आता उशिरा येती.”

रस्त्यावर ढाब्यासमोर दोघं गाडीची वाट बघत उभी होती. रंजिताच्या हातात आईनं दिलेल्या तांदळाच्या पिठाची पिशवी होती. भगीरथनं ती घ्यायला हात पुढे केला, तिनं दिली नाही.

“त्या दिवशी,” तो म्हणाला, “मला ध्यानात होतं. स्प्रेचं. सगळं ध्यानात होतं.”

ती रस्त्याकडे बघत होती. “हां.”

“भाविक तुझी मध्ये ठेवणार होता. माझी कडेला.”

“म्हणून?”

“म्हणून.”

एक ट्रक गेला. त्याच्या धुळीत तिनं पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं. मग म्हणाली, “पहिल्या बाईचे डोळे मी काढले ना, तवा तुमी कुणाला माझं नाव सांगितलं नाय. मी म्हटलं, असू दे, नवऱ्याचं नाव काय आणि माझं काय. ती माझी चूक झाली. तवाच बोलायला पायजे होतं.” ती आता त्याच्याकडे वळली. “पण तो माझा बाप होता हो. तो परत आला नाय माझ्या हातात. किती काढला, आला नाय.”

“माफ कर,” तो म्हणाला.

“बघू.”

गाडी आली. ती खिडकीशी बसली, त्याला शेजारी जागा दिली. कंडक्टर पोरसवदा होता, हातात तिकिटाचं मशीन. भगीरथ पैसे काढायच्या आत तिनं दोघांची तिकिटं काढली.

त्यानंतर टेबलाची वाटणी झाली. तिनं आपलं टोक चिकटपट्टी लावून वेगळं केलं, रंग वेगळे घेतले आणि मोबाइलवर स्वतःच्या नावानं पान काढलं. त्या पानावर कंडक्टरचा जुना, काळ्या मिशीचा फोटो पहिला टाकला. खाली लिहिलं, ‘हा आता नाही.’ भाविकनं आणि कितीतरी लोकांनी हळहळून लिहिलं. का नाही, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. ते भगीरथनं स्वतः ग्रुपवर लिहिलं, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, चार ओळींत. त्यानंतर बरेच दिवस त्याला कुणी दादा म्हटलं नाही.

रंजिताची पुढची फिगर एसटीचा ड्रायव्हर होती. मग पार्लरमधली मालकीण, हातात दोरा ताणून धरलेली. मग अंबूबाई, सूप घेऊन. लोक ठाण्याहून विचारायला लागले. भगीरथ आपल्या टोकाला बसून चिलखतं घडवत होता. तिचं प्रत्येक नवं काम तो बघायचा, आणि अजूनही दरवेळी त्याला तेच टोचायचं. फक्त आता ते टोचलं की तो उठून चहा ठेवायचा.

एका संध्याकाळी अंबूबाईंचा गुडघा तिच्या हातात वाकेना. तिनं दोनदा प्रयत्न केला, मग पाय चिकटपट्टीच्या पलीकडे त्याच्यापुढे ठेवला. भगीरथनं पॉलिशपेपर घेतला, सांधा हळूहळू घासला, फुंकर मारली, परत घासला. पाय वाकवून दाखवला. लोण्यासारखा फिरला.

“छान झाला,” ती म्हणाली आणि पाय घेऊन कामाला लागली.

सांधे तिला आपल्यासारखे घासता येत नाहीत, हे त्याच्या मनात आलंच. आनंद झाला, आणि झाला याची लाज वाटली. मग त्यानं विचारलं, “दुसरा पण देतेस का?”